आठवीनंतर आपली मुलं जातात कुठे?

शाळा सोडणाऱ्या मुलांचा विषय निघाला की लगेच पालकांकडे बोट जातं : "यांना तालीमची कदरच नाही." चंद्रपूर-गडचिरोलीत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचा अनुभव वेगळा आहे. बरीच मुलं भर वर्गातून उठून जात नाहीत. एक शाळा संपते, दुसरी सुरू व्हायची असते, त्या मधल्या जागेत ती हरवतात.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, पण ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. गावातली शाळा अनेक ठिकाणी त्याआधीच चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे मोठं गाव गाठावं लागतं. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघाचा वावर. सायकल असली तरी मुलीला एकटी पाठवायला आई-बाप धजावत नाहीत. एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली तर काय?

उर्दू शाळेतल्या मुलांना आणखी एक अडचण. पुढचे वर्ग जवळपास उर्दूत नसले की मराठी शाळा. काल 'मुसल्लस' शिकलेला मुलगा आज 'त्रिकोण' ऐकतो, 'रकबा'चं 'क्षेत्रफळ' होतं. गणित येतं, शब्द कळत नाही. हळूहळू तो मागच्या बाकावर जातो आणि दिवाळीनंतर गॅरेजमध्ये दिसतो.

त्यात पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. तेव्हा ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली गेली. रक्कम छोटी होती, पण फॉर्मच्या निमित्ताने पालक शाळेत यायचे, बोलणं व्हायचं. तेही कमी झालं.

सगळ्यात मोठं भोक दाखल्याचं आहे. दाखला नेला की जुन्या हजेरीपटावरून नाव उतरतं. तो नव्या शाळेत दिलाच नाही तर तिथे नाव चढत नाही. यू-डायस पोर्टलवर ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये पडून राहतं. घरी जाऊन विचारणारं कुणी नसतं.

हे काम आपण करू शकतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी प्रत्येक मस्जिद कमिटीने आपल्या मोहल्ल्यातल्या चौथी, सातवी, आठवी पास मुलांची यादी करावी आणि घरोघरी एकच प्रश्न विचारावा : दाखला कुठे दिला? तीन-चार मुली एकाच गावच्या असतील तर मिळून ऑटो लावावा. उर्दूतून आलेल्यांसाठी सुट्टीत महिनाभर मराठीचा वर्ग घ्यावा; शिकवायला आम्ही तयार आहोत. शासनाकडे वसतिगृह आणि वाढीव वर्ग मागायचे, तर हीच यादी हातात हवी.