आधी निदान, मग खर्च



परवा मुळशी तालुक्यातील माण गावी भाताची रोपे पाहायला गेलो होतो. रोपे पिवळी पडली म्हणून घरधनी युरिया टाकायला निघाले होते. मी थांबवले, लोह कमी पडले तरी रोप पिवळे पडते. तेवढ्यात थोरला मुलगा म्हणाला, "साहेब, जीपमधला सबवूफर मुका झालाय. नवाच आणतो."

मी विचारले, "विहिरीवरचा पंप चालेना, तर आधी मोटार वर काढतोस का?"

"नाही, आधी फ्यूज बघतो."

"मग इथेही तेच कर!"

तुमच्या घरी गाडी असेल, तर हा क्रम ध्यानात ठेवा. रेडिओ लावून अँप्लिफायरचा दिवा पाहा. दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो. बॅटरीजवळचा आणि अँप्लिफायरवरचा, दोन्ही फ्यूज पाहा. बॅटरीकडून येणारी जाड तार आणि रेडिओकडून येणारी बारीक 'रिमोट' तार, दोन्हींवर मीटरने सुमारे १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट हवी.

दिवा नीट लागत असेल, तर रेडिओच्या सेटिंगमध्ये सबवूफर बंद नाही ना, सिग्नलची पिन निसटली नाही ना, हे पाहा. मग सगळे बंद करून सबवूफरच्या दोन्ही तारा सोडवा आणि बॅटरीचा १.५ व्होल्टचा सेल त्याच्या टोकांना क्षणभर लावा. पडदा 'टक्' करून हलला, तर कॉइल तुटलेली नाही. पडदा दोन्ही हातांनी हलकेच, सारखा दाबा. खरखर लागली, तर मात्र कॉइल घासते आहे किंवा जळली आहे. तेव्हाच दुरुस्तीचा खर्च करा.

माणच्या जीपमध्ये दोष निघाला अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूचा. पॉलिशपेपरने घासून घट्ट केला, आवाज आला.

पण बॅटरीजवळ पाहतो, तर फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार! फ्यूज सारखा उडतो म्हणून मुलानेच बसवलेली. बंधूंनो, फ्यूज हा घरचा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून त्याला हाकलू नका. जाड तारेने तार तापते, आवरण वितळते आणि गाडी पेटू शकते. त्याच गाडीतून घरची लेकरे शाळेत जातात. फ्यूज ठरलेल्या अँपिअरचाच घाला आणि पुन्हा उडाला, तर तार कुठे सोलली आहे ते शोधा.

रोप असो वा यंत्र, दुखणे ओळखल्याशिवाय औषध देऊ नये.