न बोलावता आलेले पाहुणे

तुमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो? अंदाजे सांगू नका. घड्याळ लावून मोजा. बटण दाबल्यापासून एखादी फाईल खरोखर उघडता येईपर्यंत. नुसतं पडद्यावर चित्र दिसलं म्हणजे सुरू झाला असं नाही बरं का!

आमच्या शेजारी नववीतला एक मुलगा राहतो. त्याच्याकडे मामांनी दिलेला जुना कॉम्प्युटर आहे. आम्ही मोजलं, तर चक्क सहा मिनिटं! तेवढ्यात पठ्ठ्याचं दूध पिऊन, दप्तर भरून आणि बहिणीशी एक भांडणही उरकून होत असे. दुरुस्तीवाल्याने मान हलवून सांगितलं, "हे मशीन संपलं, आता नवीन घ्या." नवीन घेणं घरच्यांना परवडणारं नव्हतं, आणि विज्ञानाचा प्रकल्प आठवड्यावर आलेला. रडकुंडीला येऊन तो मला म्हणाला, "काका, हा खरंच मेला का हो?"

मेला वगैरे काही नव्हता. त्याच्या दारात गर्दी झाली होती.

त्याचं असं असतं, की आधी विंडोज स्वतः जागी होते. मग तुम्ही आत शिरलात, की ती एक यादी वाचते. 'कॉम्प्युटर सुरू झाला की मलाही सुरू कर' असं सांगून ठेवलेल्या प्रोग्रॅम्सची ही यादी. त्यात नावं कोण लिहितं, सांगा पाहू? तुम्ही? छे! बहुतेक वेळा प्रोग्रॅम स्वतःच लिहितो. नवा गेम किंवा गाण्यांचा प्रोग्रॅम बसवताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटतो. तिथेच कुठेतरी एका चौकोनात आधीपासून बरोबरची खूण केलेली असते. काही महाभाग तर तेवढंही विचारत नाहीत.

आता अशी कल्पना करा, की पंगतीला चाळीस पाहुणे बसलेत आणि वाढपी एकच. एका टोकाचा ओरडतो, "भात!" दुसऱ्या टोकाचा, "वरण!" मधला म्हणतो, "मीठ!" बिचारा ओळीने वाढत गेला असता तर लवकर उरकलं असतं, पण इकडून तिकडे धावण्यातच त्याचा जीव जातो. जुन्या हार्ड डिस्कचं नेमकं हेच होतं. तिच्यात फिरत्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरची माहिती वाचायला एक छोटा दांडा पुढेमागे सरकत असतो. दहा प्रोग्रॅम्सनी एकदम हाका मारल्या, की त्याचा बराचसा वेळ वाचण्याऐवजी सरकण्यात जातो. नव्या एसएसडीत असा दांडाच नाही, म्हणून तिथे ही रांग फारशी जाणवत नाही. पण मेमरीतली जागा अडते ती तिथेही अडतेच.

पूर्वी डॉसच्या काळात ही यादी अगदी उघड असे. 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' नावाची एक साधी फाईल, एका ओळीत एक आज्ञा. १९९३ मध्ये डॉसची ६.२ ही आवृत्ती आली. तिच्यात सुरुवातीलाच एफ-८ दाबलं, की कॉम्प्युटर या फाईलमधली एकेक ओळ दाखवून 'ही चालवू का?' असं विचारायचा. किती सभ्य! १९९५ च्या विंडोजमध्ये 'स्टार्टअप' नावाचा फोल्डर आला, पण बरीचशी नावं 'रजिस्ट्री' नावाच्या कोठीघरात जाऊन बसली. तिथे सहसा कोणी डोकावत नाही.

पण आपण यादी बघू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. विंडोज ११ मध्ये 'स्टार्टअप अॅप्स'वर जा. विंडोज १० असेल तर लागल्यास खालचं 'मोअर डिटेल्स' दाबून 'स्टार्टअप' निवडा. प्रत्येक नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेला असतो. 'हाय' म्हणजे त्या पाहुण्याने सुरुवातीलाच प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ खाल्ला, किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचालिहायला लावलं. नको असलेल्या नावावर उजवं बटण दाबा आणि 'डिसेबल' करा. घाबरू नका, प्रोग्रॅम पुसला जात नाही. तो फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो. तुम्ही उघडलात की हजर! आणि चुकलंच, तर त्याच जागी 'एनेबल' असतं.

म्हणून सगळंच बंद करत सुटायचं का? अजिबात नाही! अँटिव्हायरसला हात लावू नका. टचपॅड आणि आवाज यांचे प्रोग्रॅमही राहू द्या. गेम, गाणी, गप्पांचे प्रोग्रॅम खुशाल बंद करा. नाव ओळखीचं नसेल, तर 'पब्लिशर'च्या रकान्यात ते कोणाचं आहे ते बघा. आणि कॉम्प्युटर घरात सगळ्यांचा असेल तर आधी विचारा. ताईच्या फाईल्सची नक्कल ठेवणारा प्रोग्रॅम तुम्ही बंद केलात, तर काय होईल ते मी सांगायला नको!

ही यादी वाचता येणं फार कामाचं आहे, कारण चोरांनाही ती आवडते. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. प्रेमपत्र म्हणून ई-मेलने यायचा, उघडला की चित्रांच्या फाईल्स बिघडवायचा, आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवायचा. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला तरी हा जिवंत! कारण त्याने रजिस्ट्रीतल्या त्या यादीत आपलं नाव लिहून ठेवलेलं असे. नाव काय, तर 'एमएसकर्नल३२'. वाचणाऱ्याला वाटावं, हा मायक्रोसॉफ्टचाच कोणी साहेब आहे. नुसत्या नावावर विसंबू नका म्हणतो ते यासाठी. पब्लिशरचा रकानाच रिकामा दिसला, तर मोठ्या माणसांना दाखवा आणि अँटिव्हायरसने एकदा सगळं तपासून घ्या. रिकामा रकाना म्हणजे चोरच असं नाही, पण चौकशी करायला हरकत काय?

आमच्या शेजाऱ्याच्या यादीत सतरा नावं निघाली. त्यातले तीन गेम त्याने सातवीतच खेळायचे सोडले होते! बाराजणांना आम्ही रजा दिली. सहा मिनिटांची झाली अडीच. दहा सेकंदांची काही होणार नाही, डिस्कचं वय झालंय, हेही त्याला सांगितलं. प्रकल्प मात्र त्याच मशीनवर वेळेत पुरा झाला.

तुम्हीही आज यादी उघडा, बंद केलेली नावं वहीत तारखेसकट लिहून ठेवा, आणि आधीची व नंतरची मिनिटं आम्हाला पत्राने कळवा. यादीतलं सगळ्यात विचित्र नाव लिहायला विसरू नका हं!