फाईल हलली तरच हसू येतं
पडद्यावरचा आठवडा : ‘दूरदर्शी’, सप्तापूर, धारवाड

मराठी वाहिन्यांवर ऑफिसं कमी नाहीत. संध्याकाळी सातनंतर रिमोट फिरवायला घ्या, दर दुसऱ्या मालिकेत काचेची केबिन आणि तिच्या दारात घुटमळणारी नायिका दिसेल. ‘झी मराठी’च्या ‘तुला पाहते रे’मध्ये (२०१८-१९) उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि त्याच्या कंपनीत नोकरीला लागलेली ईशा. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्ये (२०२१-२३) मालक यश आणि त्याच्याच कंपनीतली नेहा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या (२०१६-२१) राधिकेने तर मसाल्यांच्या धंद्यातून तीनशे कोटींची कंपनीच उभी केली. या तिन्ही मालिका घराघरांत पोचल्या आणि लोकांनी त्या मनापासून पाहिल्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेकडो भाग उलटल्यावरही तिथली माणसं दिवसभर टेबलाशी बसून करतात काय, याचा पत्ता लागत नाही. तिथलं कार्यालय हे खरं तर मंगल कार्यालयच. लग्न लागेपर्यंत हॉल घेतलेला असतो, इतकंच. आणि म्हणूनच मराठीत कौटुंबिक विनोदी मालिकांची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’पर्यंत जाणारी चांगली परंपरा असूनही ऑफिसवर बेतलेली, लक्षात राहणारी विनोदी मालिका शोधावी लागते. ऑफिसातली मैत्री, प्रेम आणि चढाओढ या तिन्ही गोष्टी कामातून उगवल्या तरच त्यांचा विनोद होतो. काम काढून घेतलं की मैत्रीच्या गप्पा होतात, प्रेमाचं मेलोड्रामात रूपांतर होतं आणि चढाओढीची कटकारस्थानं होतात. आपल्या मालिकांत नेमकं हेच झालेलं आहे.

याचा पुरावा हिंदीत हाताशी आहे. ‘पंचायत’ ही ‘टीव्हीएफ’ची मालिका एप्रिल २०२० मध्ये आली आणि २०२५ पर्यंत तिचे चार हंगाम झाले. वरवर पाहता ती खेड्याची गोष्ट वाटते, पण तिचा सांगाडा अस्सल ऑफिस-कॉमेडीचा आहे: एक ग्रामपंचायत कचेरी, एक सचिव, एक सहायक, एक उपप्रधान आणि बायकोच्या नावावर कारभार हाकणारे प्रधानपती. पहिल्या हंगामातला खुर्चीचा भाग आठवून पाहा. सचिव अभिषेक कचेरीसाठी चाकांची नवी खुर्ची आणतो. लगेच प्रश्न उभा राहतो तो मानाचा, कारण सचिवाची खुर्ची प्रधानांच्या खुर्चीपेक्षा उंच ठरते. त्यात गावात वरात येते, तिची सोय कचेरीत होते आणि नवरदेवाचा डोळा त्याच खुर्चीवर पडतो. या भागात कुणी वाईट नाही, कुणाचा कट नाही, पार्श्वसंगीताचे तीन-तीन दणके नाहीत. आहे ती एक खुर्ची. पण ज्याने कुठल्याही सरकारी कचेरीत चार दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असतं की कुणाच्या खुर्चीला हात आहेत, कुणाच्या पाठीवर टॉवेल आहे आणि पंखा कुणाच्या डोक्यावर येतो, यावर तिथलं अर्धं राजकारण चालतं. लेखकाने ते पाहिलं होतं, म्हणून चढाओढ आपोआप विनोदी झाली. आणि त्याच खुर्चीच्या निमित्ताने ही माणसं एकमेकांना ओळखू लागली, म्हणून पुढच्या हंगामांत त्यांची मैत्री खरी वाटली.

मैत्रीची दुसरी बाजू ‘सब टीव्ही’वर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑफिस ऑफिस’ने दाखवली, आणि ती बाजू अजून कुणी तितक्या धारदारपणे दाखवलेली नाही. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात वेगळ्या खात्यात जातो. कधी एका कचेरीत, कधी दुसऱ्या. पण टेबलापलीकडे बसलेली माणसं मात्र तीच: शुक्ला, पटेल, भाटिया, पांडे आणि आसावरी जोशींनी साकारलेल्या उषाजी. खातं बदलतं, चेहरे बदलत नाहीत, ही त्या मालिकेची सगळ्यात मोठी युक्ती होती. त्यातून न बोलता एक गोष्ट सांगितली गेली: या पाच जणांचं आपसात झकास जमतं, डबे एकत्र उघडतात, एकमेकांची पाठराखण होते, आणि त्यांची ही मैत्री जितकी घट्ट, तितका खिडकीबाहेरचा माणूस जास्त भरडला जातो. टेबलाच्या अलीकडचा जिव्हाळा टेबलापलीकडे छळ होऊ शकतो, हे निरीक्षण ऑफिसचं काम दाखवल्याशिवाय करताच आलं नसतं.

प्रेमाचं गणितही वेगळं नाही. ब्रिटनच्या ‘द ऑफिस’चा (२००१-०३) अमेरिकी अवतार २००५ ते २०१३ असा नऊ हंगाम चालला. त्यातली जिम आणि पॅम यांची गोष्ट जगभर लोकांनी जपली. तो विक्री विभागात, ती स्वागतकक्षात, तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. दोघांमध्ये अनेक भाग घडतं काय, तर शेजारच्या टेबलावरच्या आगाऊ ड्वाइटचा स्टेपलर जिमने जेलीत बुडवून ठेवायचा आणि पॅमने हसू दाबायचं. हे प्रेम वाढतं ते कंटाळवाण्या कामाच्या फटींमधून, आठ तास समोरासमोर बसावं लागतं या एकाच कारणाने. आणि या सगळ्याच्या मागे एक भीती उभी असते. मूळ ब्रिटिश मालिकेच्या पहिल्याच भागात सांगितलं जातं की कंपनीच्या दोन शाखांपैकी एक बंद होण्याची शक्यता आहे. कागद विकणारी कंपनी, कागदाचा धंदा घटत चाललेला, नोकरी राहील की जाईल याची खात्री नाही. ही भीती असल्यामुळेच साहेबाची ओढूनताणून केलेली विनोदबुद्धी केविलवाणी आणि म्हणून हसवणारी ठरते. २०१९ मध्ये ‘हॉटस्टार’वर याची हिंदी आवृत्ती फरीदाबादेत आणून बसवली, मुकुल चड्ढा यांनी साहेब चांगला वठवला, पण प्रसंग पुष्कळसे तिकडचेच उचलल्यामुळे आपल्याकडच्या ऑफिसातली खरी भीती, म्हणजे बदली, ‘वशिला’ आणि वरिष्ठाची मर्जी, त्यात पुरेशी उतरली नाही. साचा उसना आणता येतो, ऑफिस आणता येत नाही.

मराठीत प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. २०१७ च्या ‘दिल दोस्ती दोबारा’ने मित्रमंडळींना ‘खयाली पुलाव’ नावाच्या रेस्टॉरंटभोवती उभं केलं. कल्पना उत्तम, पण त्या हॉटेलाच्या हिशेबापेक्षा मित्रांच्या मनःस्थितीकडे कॅमेरा जास्त वळला. २०२३ च्या जानेवारीत ‘सोनी मराठी’ने ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ आणली. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधले कलाकार आणि जोडीला मकरंद अनासपुरे, म्हणजे विनोदाची बाजू भक्कम होती. शिवाय पोस्ट ही जागा अशी की अख्ख्या गावाचं सुखदुःख तिथून जातं. मनीऑर्डर, पेन्शन, बचत खातं, सगळं एकाच खिडकीवर. या मालिकेचं मोठेपण हे, की तिने कचेरीला पार्श्वभूमी न मानता नायकपद दिलं. तिचं पाऊल योग्य दिशेने होतं. ते पुढे कुणी टाकलं नाही, हे आपलं दुर्दैव.

यावर वाहिन्यांच्या बाजूने पहिलं उत्तर येतं ते असं: दिवसभर ऑफिसात खपून आलेल्या माणसाला घरी पुन्हा ऑफिस कशाला दाखवायचं? प्रेक्षकाला विसावा हवा. हे पटण्यासारखं वाटतं, पण टिकत नाही. एक तर लोकांनी ‘ऑफिस ऑफिस’ आणि ‘पंचायत’ विसाव्यासाठीच पाहिल्या. दुसरं म्हणजे ऑफिसचं आकर्षण ऑफिसात न पोचलेल्यांना अधिक असतं. धारवाडच्या सप्तापूर भागाकडे पाहा. उत्तर कर्नाटकाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं इथल्या कोचिंग क्लासांत आणि अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसतात. कुणाला एफडीए (प्रथम दर्जा सहायक) व्हायचंय, कुणाला पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), कुणाला पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). ‘पंचायत’च्या अभिषेकला जी ग्रामपंचायतीची नोकरी नाइलाज वाटते आणि जिच्यातून सुटण्यासाठी तो रात्री जागून मॅनेजमेंटच्या परीक्षेचा अभ्यास करतो, त्याच धर्तीचं पीडीओचं पद इथल्या मुलांचं स्वप्न आहे. २०२१ मध्ये कर्नाटकात ५४५ पीएसआय पदांची परीक्षा झाली आणि गैरप्रकार उघड झाल्यावर एप्रिल २०२२ मध्ये ती रद्द झाली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांचीही वर्षं त्यात गेली. खुर्चीसाठीची चढाओढ इथे खुर्ची मिळण्याच्या आधीच सुरू होते. या पिढीला ऑफिसाचा कंटाळा आलाय, असं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचं औषध देणं.

दुसरा आक्षेप असा, की ऑफिस-कॉमेडी हा मुळात परदेशी, शहरी, इंग्रजी वळणाचा प्रकार आहे; मराठी विनोदाची जागा वाडा, चाळ आणि स्वयंपाकघर. हा आक्षेप घेणारे आपलाच वारसा विसरतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’चा नायक कोण? मुंबईतला कारकून. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘वागळे की दुनिया’चा नायक कोण? आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेला, अंजन श्रीवास्तव यांनी साकारलेला एक साधा नोकरदार, आडनावाने आपल्यातलाच. मैसूरच्या व्यंगचित्रकाराला भारतीय मध्यमवर्गाचा प्रतिनिधी शोधताना ‘वागळे’ सुचावा, यात मुंबईच्या नोकरदार मराठी माणसाची ओळख किती पक्की होती ते दिसतं. कन्नडमध्येही ‘ईटीव्ही’वरच्या ‘सिल्ली लल्ली’ने डॉक्टर विठ्ठलरावांच्या दवाखान्याभोवती वर्षानुवर्षं प्रेक्षक खेचले, या भागातल्या द्वैभाषिक घरांत ती मालिका नवी नाही. कारकून हा मराठी विनोदाचा जुना, हक्काचा माणूस आहे. त्याला घरी पाठवलं ते दैनंदिन मालिकांनी.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. ऑफिसातलं प्रेम आणि थट्टा-मस्करी दाखवताना छळही विनोद म्हणून खपवला जातो, हे खरं आहे. ‘सब टीव्ही’वर १९९९ पासून दीर्घकाळ चाललेल्या ‘यस बॉस’चा सगळा खेळ या एका गोष्टीवर होता, की जाहिरात कंपनीचा साहेब हाताखालच्या मीरावर भाळला आहे आणि तिने नोकरीपायी आपलं लग्न लपवलं आहे. तेव्हा लोक हसले. आज कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे, आणि तो साहेब तिच्यापुढे उभा राहिला असता. पण गंमत अशी, की या आक्षेपाचा रोख ऑफिस-कॉमेडीपेक्षा आपल्या गंभीर मालिकांकडेच अधिक वळतो. मालकाने हाताखालच्या बाईच्या मागे लागणं हे आपण वर्षानुवर्षं हळुवार प्रेमकथा म्हणून दाखवत आलो. पगार कोण देतो आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होईल, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. काम आणि हुद्दा खरेपणाने दाखवणाऱ्या विनोदाला तो प्रश्न टाळता येत नाही. साहेबाच्या विनोदावर नाइलाजाने हसणारी माणसं कॅमेऱ्याने टिपली, की कोण कुणाला हसतंय ते प्रेक्षकाला कळतं. जिम आणि पॅम समान पायरीवर होते म्हणून त्यांचं प्रेम निर्मळ राहिलं, हेही इथे ध्यानात घ्यावं.

उरतो धंद्याचा मुद्दा. रोज एक भाग, आठवड्याला सहा, वर्षाला तीनशेच्या घरात. या वेगाने कचेरीतल्या बारकाव्यांचा अभ्यास कोण करणार? हे म्हणणं प्रामाणिक आहे, आणि खरं दुखणंही हेच. सासू-सुनेचं भांडण घरी बसून लिहिता येतं, कारण घर प्रत्येकाने पाहिलेलं असतं. टपाल खात्यात बटवडा कसा होतो, रजेचा अर्ज कुठे अडतो, ऑडिट आलं की कोण आजारी पडतं, हे जाऊन पाहावं लागतं. पण उपायही याच मुद्द्यात आहे. ब्रिटिश ‘द ऑफिस’ नाताळच्या विशेष भागांसकट अवघी चौदा भागांची आहे. ‘पंचायत’चा एक हंगाम आठ भागांचा. ऑफिस-कॉमेडीला लांबी मानवत नाही. तिला आठवड्याची एक वेळ आणि ठरलेला शेवट हवा. शनिवार-रविवारच्या वेळा मराठी वाहिन्यांकडे आहेत. त्यातली एक द्यायला जाहिरातदारांनी हरकत घ्यावी असं काही नाही.

आणि विषयांसाठी पुण्या-मुंबईपर्यंतच धाव घ्यायचंही कारण नाही. हुबळीत नैर्ऋत्य रेल्वेचं मुख्यालय आहे, उत्तर-पश्चिम कर्नाटकाच्या एसटीचं मुख्यालय आहे. धारवाडला विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचं पीठ आहे, आकाशवाणी आहे. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे कचेरीचे रीतिरिवाज दोन्हीकडचे सारखे. एका टेबलावर कन्नड बोलणारा, शेजारी मराठी बोलणारा, समोर उर्दूत हिशेब विचारणारा. स्वतः निवडली नसती अशा माणसांशी रोज आठ तास जुळवून घ्यायला लावणारी जागा आपल्या समाजात ऑफिसशिवाय दुसरी नाही. घरात जात, भाषा, पंगत ठरलेली असते. ऑफिसात बदलीचा आदेश ठरवतो. जी मैत्री अशा आदेशातून होते, तिच्यातला विनोद कुठल्याही ठरवून केलेल्या दोस्तीपेक्षा जास्त खोल असतो. तेव्हा वाहिन्यांना विनंती एवढीच: पुढची ऑफिसवरची मालिका ठरवताना आधी नायक-नायिका निवडू नका. आधी खातं निवडा, लेखकाला तिथे महिनाभर बसवा आणि त्याला आवक-जावक रजिस्टर वाचू द्या. प्रेमाचं पुढे बघता येईल.