गुटेनबर्गचे नाव आणि लेखकाचा अंगठा

मोबाइलवर लिहिलेले ते लेखन नव्हेच, असे एक मत आमच्या व्यवसायबंधूंत हल्ली रूढ होत चालले आहे. ज्यास लिहावयाचे असेल त्याने मेजाशी बसावे, संगणक उघडावा, नाहीतर सरळ कागद घ्यावा. लोकलच्या दारात उभ्याने अंगठ्यांनी टिपलेल्या मजकुरास निबंध म्हणू नये, असा या मताचा रोख. आम्हीही ते काही वर्षे बाळगून होतो, आणि वर्गात ऐटीने बोलूनही दाखवीत होतो. आमचा हा भ्रम एका जुन्या विद्यार्थिनीने घालविला. ती आता एका खेड्यातील शाळेत शिकविते, आणि आपल्या आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या व त्यांमागच्या हकीकती ब्लॉगवर लिहिते. तिच्या घरी संगणक नाही, मेजही नाही. रात्री भांडी आवरली की मोबाइल हाती घ्यावयाचा, हेच तिचे लेखनगृह. “सर, मी मेज घेईपर्यंत आजी थांबेल का?” असे तिने विचारले, तेव्हा आम्हांपाशी उत्तर नव्हते.

तेव्हा मोबाइलवर लिहावे की नाही, हा वाद आमच्या दृष्टीने संपला. आता भांडावयाचे ते निराळ्या मंडळींशी. ब्लॉगवर लिहिण्याचे ‘एडिटर’ जे बांधतात त्यांच्याशी.

उदाहरण म्हणून सर्वांत प्रसिद्ध असे वर्डप्रेस घेऊ. २००३ साली सुरू झालेल्या या साधनात पुष्कळ वर्षे लिहिण्यासाठी एक साधी चौकट असे. कागदावर लिहावे तसे वरून खाली लिहीत जावे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली व तिच्याबरोबर नवा एडिटर आला. यात मजकूर सलग राहत नाही. प्रत्येक परिच्छेद हा एक स्वतंत्र ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’. मथळा एक ठोकळा, चित्र एक ठोकळा. रुंद पडद्यावर याचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. चित्र उचलून दुसरीकडे ठेवावे, दोन स्तंभ करावे, ही कामे त्याने सोपी झाली. परंतु हीच व्यवस्था तळहाताएवढ्या काचेवर आणली म्हणजे काय होते? कळफलक उघडताच निम्मी काच झाकली जाते. उरलेल्या निम्म्यातून साधनपट्टी आपला वाटा घेते. लेखकास दिसतात त्या चार-सहा ओळी. नवी ओळ मागावी तो नवा ठोकळा उभा राहतो. शब्दावर ठेवावयाचे बोट जरा सरकले की शब्दाऐवजी ठोकळाच निवडला जातो. सहावा परिच्छेद दुसऱ्या जागी न्यावयाचा तर बाण दाबून एकेक पायरी चढावे लागते, आणि एका परिच्छेदाचा शेवट व पुढच्याचा आरंभ एकदम निवडू पाहिले तर बोट ठोकळ्याच्या सीमेशी अडखळते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र या गैरसोयींवर नाही. परिच्छेद ही वीट आहे, ही समजूतच आम्हांस मान्य नाही. ज्याने एक तरी निबंध मनापासून लिहिला आहे त्यास ठाऊक आहे, की पुष्कळदा दुसऱ्या परिच्छेदाचे पहिले वाक्य सुचल्यावर पहिल्याचे शेवटचे वाक्य बदलावे लागते. लेखनाचे खरे काम या सांध्यांवर चालते, आणि ठोकळ्यांच्या रचनेत नेमके सांधेच हाताबाहेर जातात. शिवाय वाक्य अजून पुरे झालेले नसते तोच रंग, रुंदी, आकार यांची आमंत्रणे शेजारी येऊन बसतात.

या एडिटरला त्याच्या कर्त्यांनी नाव दिले गुटेनबर्ग! पंधराव्या शतकात माइंझ नगरीत ज्याने सुटे खिळे जुळवून ग्रंथ छापले, त्याचे. पण खिळे जुळविणे हे लेखकाचे काम होते असे कोणी सांगितले? मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तेथे ग्रंथकाराने हस्तलिखित द्यावे व शाईने बोटे काळी व्हावी ती जुळाऱ्याची. आता लेखकासच जुळाऱ्याच्या जागी बसविले आहे, आणि ही तुमची स्वतंत्रता म्हणून वर सांगितले जाते.

देवनागरीत लिहिणाराचे हाल तर निराळेच. ‘स्त्री’ या अक्षरातील आरंभीचा अर्धा स चुकला तर जोडाक्षराच्या आत कर्सर शिरत नाही. मागून एकेक खूण पुसत यावे लागते. ज्या कळफलकावर ‘ऱ’ सहज सापडत नाही, त्यावर ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ पोहोचते. हा दोष एडिटरचा नव्हे, कळफलकाचा, हे खरे. पण दुरुस्ती करावयाची ती त्याच चार ओळींच्या फटीत.

यावर दोन उत्तरे मिळतात. एक, सवय करा. सवय झालेली माणसेही कुरकुरत होती, याचा पुरावा कर्त्यांनीच दिला आहे. जुना एडिटर परत आणणारी एक जोडणी त्यांनी दिली व ती २०२१ अखेरपर्यंत सांभाळू म्हणून सांगितले. मग ती मुदत त्यांस वाढवावी लागली. दुसरे उत्तर असे, की मजकूर इतरत्र लिहा आणि येथे आणून चिकटवा. लिहिण्याच्या जागेत लिहू नका, असा सल्ला जेथे सद्भावाने दिला जातो, तेथे आणखी टीका ती काय करावी?

आमची मागणी मोठी नाही. मोबाइलवर एडिटर उघडताच कोरे, सलग पान यावे. ठोकळे, रंग, स्तंभ हे सर्व मागाहून, मागितल्यावर यावे.

आमची विद्यार्थिनी हल्ली ओव्या व्हॉट्सॲपवर स्वतःलाच धाडते आणि रविवारी तेथून उचलून ब्लॉगवर नेते. तिचा ब्लॉग कोणत्या सेवेवर आहे, हे सांगण्याचे कारण नाही. मागे एकदा ठोकळे हलविताना तिसऱ्या ओवीची हकीकत चौथीखाली गेली. ती चूक तिच्या लक्षात आली नाही. लेख वाचून दाखविताना आजीच म्हणाली, “अगं, ती माहेरची नव्हे, ही सासरची.”