पोरगं गप्प झालं म्हणून

गेल्या वर्षी जूनचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळची गोष्ट. मगरिबनंतर वीज गेली. दीपनगरच्या धुरांड्यांच्या सावलीत राहून मेणबत्ती शोधायची आम्हाला सवय आहे, तो विषय वेगळा. आमच्या शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा, आमच्याच शाळेतला, पत्र्याखालच्या गोवऱ्या भिजू नयेत म्हणून अंधारात आत आणायला गेला आणि बोटाला विंचू डसला. लहानसा, तांबूस. पोरगं किंचाळत घरात आलं.

दादीने बोटावर चिंधी घट्ट बांधली. शेजारच्या गावात एक बुजुर्ग आहेत, दम करून विष उतरवतात अशी त्यांची ख्याती. मोटरसायकलवरून मुलाला तिकडे नेलं. इशाच्या सुमारास परत आणलं तेव्हा पोरगं गप्प होतं. "देखो, चुप हो गया बच्चा," दादी म्हणाली. आम्हीही बघायला गेलो होतो. आम्हीही अल्हम्दुलिल्लाह म्हणालो, चहा घेतला आणि घरी आलो. हे लपवण्यात अर्थ नाही. चार भिंतींत पदव्या टांगलेली माणसं आम्ही, पण त्या मुलाचा सदरा घामाने भिजला होता आणि बाहेर पावसाची गार हवा होती, एवढं आमच्याही लक्षात आलं नाही.

अकराच्या सुमारास त्याची अम्मी दारात आली. दोनदा उलटी झाली होती, हातपाय बर्फासारखे, श्वास भरभर. रिक्षा काढली आणि भुसावळ गाठलं.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आधी विचारलं, किती वाजता चावला? बाप म्हणाला, "अभी, घंटाभर हुआ." डॉक्टर रागावतील या भीतीने. आम्ही मध्येच बोललो, मगरिबनंतर लगेच, म्हणजे चार तास झाले. डॉक्टर रागावले नाहीत. उलटी किती वेळा, घाम कधीपासून, एवढंच विचारलं आणि एक छोटी गोळी दिली. ऑक्सिजन लावला. अम्मी त्याला मांडीवर घ्यायला गेली तर म्हणाले, "बिलकुल उठवू नका. या गोळीने रक्तदाब उतरतो, आडवाच राहू द्या." मग ते खुर्ची ओढून तिथेच बसले. थोड्या थोड्या वेळाने रक्तदाब बघायचा, पायाला हात लावून बघायचा. फज्रच्या वेळेला पाय कोमट झाले आणि पोरगं बोट धरून रडायला लागलं. आम्ही घाबरलो. डॉक्टर हसले. "रडतोय ना? आता ठीक आहे."

हे उलटं गणित त्यांनीच आम्हाला समजावलं. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनालिनचा पूर येतो. घाम, उलटी, गार हातपाय, मग हृदयावर ताण आणि फुप्फुसात पाणी. अशा रुग्णाच्या बोटाला पुष्कळदा फारसं दुखत नाही. ज्याचं फक्त बोट ठणकतं तो सहसा वाचतो. मोठ्या काळ्या इंगळीला आपण जास्त भितो, पण जीव घेतो तो हा लहान लाल. म्हणजे आमचं पोरगं गप्प झालं ते विष उतरलं म्हणून नव्हे, विष चढलं म्हणून.

हे कुठे शिकलात, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बावसकर सरांचं आहे हे. महाडचे."

डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस करून 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली धडधाकट माणसं, मुलं, त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास. पुस्तकात या विंचवावर फारसं काही नव्हतं. स्टिरॉइड, अॅट्रोपिन अशी जी औषधं दिली जात, त्यांनी फायदा होत नव्हता. मग या माणसाने काय केलं? रुग्णाजवळ बसला. घाम कधी सुटतो, नाडी कधी बदलते, छाती कधी भरते, सगळं लिहून काढलं. ती निरीक्षणं 1982 मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात छापून आली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रातल्या वहीवरून!

पुण्याला एमडी केल्यावर मोठ्या शहरात थांबायचं सोडून ते महाडला परतले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देऊन पाहिलं. त्याने जीव वाचत होते, पण क्षणोक्षणी रक्तदाबावर नजर ठेवावी लागे. खेड्यात ते कसं जमायचं? मग तेच काम करणारी गोळी शोधली. प्राझोसिन, रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासोबतचा त्यावरचा लेख 1986 मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. शंभरात तीस मृत्यूंवरून आकडा एकदोनवर आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हाला मात्र सगळ्यात भावली ती यापुढची गोष्ट. आयुष्यभर ज्या गोळीने नाव दिलं, तीच त्यांनी परीक्षेला बसवली. महाडला 70 रुग्णांचे दोन गट केले. 35 जणांना नुसती प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिन आणि विंचवाची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लस मिळालेल्यांपैकी 32, नुसत्या गोळीवरचे फक्त 8. हे त्यांनी 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये स्वतःच छापलं. आपल्या पद्धतीहून दुसरी बरी निघाली हे जाहीर सांगायला किती मास्तर तयार होतील? आम्ही तरी स्वतःविषयी खात्री देत नाही.

बी.एड.ला आमचे सराव पाठ असत. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसायचे आणि आमचे पाय लटपटायचे. डॉक्टरकीत तातडीच्या उपचारांचे असे पाठ आपल्या देशात उशिरा सुरू झाले. इमर्जन्सी मेडिसिन या विषयाची वेगळी एमडी मेडिकल कौन्सिलने 2009 मध्ये मान्य केली. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका 2014 मध्ये आली. तेव्हा अशा 937 गाड्या होत्या, प्रत्येकीत डॉक्टर. पण रात्री अकरा वाजता तालुक्याच्या गावी तुमच्यासमोर जो उभा असतो तो बहुतेक वेळा नुकताच शिकून आलेला तरुण असतो. त्याला हे कोणी शिकवलं आहे की नाही यावर सगळं ठरतं. आमच्या नशिबाने त्याला शिकवलेलं होतं.

आणि त्याला जे सांगायचं ते घरच्यांनीच सांगायचं. किती वाजता चावला हे खरं सांगा. चार तास उशीर केला असेल तर चार तास म्हणा. चिंधी बांधू नका, कापू नका, मुलाला चालवत नेऊ नका. उलटी, घाम, गार हात यांपैकी एक जरी दिसलं तरी दवाखाना. आणि कृपा करून हे वाचून प्राझोसिन घरात आणून ठेवू नका. रक्तदाब बघायला कोणी नसेल तर ती गोळीच घात करील.

दम करणाऱ्या बुजुर्गांना आम्ही बोल लावत नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं बोट नुसतं ठणकत असतं आणि काही तासांनी आपोआप थांबतं, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. दुआ रिक्षातही करता येते. त्या रात्री त्याची अम्मी दीपनगर ते भुसावळ तेच करत होती.

मुलगा आता पाचवीत आहे. दादी गोवऱ्यांना चिमट्याशिवाय हात लावत नाही. परवा मधल्या सुट्टीनंतर वर्गात एका मुलीला मधमाशी चावली. ती रडत होती, सगळे तिच्याभोवती जमले होते. हा पठ्ठ्या मात्र उठून फळ्याकडे गेला आणि कोपऱ्यात लिहून आला: अकरा वीस.