पत्र्याचा डबा आणि तिसरी पिन

आपल्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप नावाचे यंत्र आहे. विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, ते हे यंत्र पडद्यावर रेषा काढून दाखविते. गेले काही महिने त्याच्याबद्दल तक्रार होती. प्रकाश मोजणाऱ्या छोट्या संवेदकाची मंद खूण पाहायला घेतली, की रेषा सुतासारखी बारीक न दिसता सुरवंटासारखी जाड आणि केसाळ दिसे. दुरुस्तीसाठी बोलाविलेल्या गृहस्थांनी दोन सल्ले दिले. यंत्र जुने झाले, नवे घ्या. आणि नवे येईपर्यंत वायरची तिसरी पिन काढून टाका, म्हणजे गुणगुण कमी होईल. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत नव्या यंत्राचा विषय आहे, म्हणून आमचे मत आधीच मांडून ठेवतो. हे दोन्ही सल्ले आम्हाला मान्य नाहीत, आणि दुसरा तर मुळीच नाही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे या नको असलेल्या खुणेला शोर म्हणत. मराठीत गोंगाट म्हणावे, तर पालकांना वाटते की यंत्रातून आवाज येतो. तसे नाही. कानाला काहीच ऐकू येत नाही. वर्गात एक मुलगा हळू बोलत असावा आणि बाकीच्या चाळीस जणांच्या बडबडीत त्याचे शब्द हरवावेत, तशी ही गोष्ट आहे. भिंतीतल्या तारांमधून सेकंदाला 50 आवर्तने करणारी वीज वाहते. मोबाइलचे चार्जर आणि स्वस्तातले एलईडी दिवे आपल्या पोटात त्याहून कितीतरी जलद उघडझाप करीत असतात. संवेदकाची उघडी तार हे सगळे गोळा करते आणि यंत्र बिचारे मिळेल ते प्रामाणिकपणे दाखविते.

म्हणून नववीच्या मुलांना सांगितले, की यंत्राला हात लावू नका, तारेला घर करून द्या. त्यांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. संवेदक, त्याचे छोटे सर्किट आणि नऊ व्होल्टची बॅटरी आत बसविली. प्रकाश आत येण्यासाठी एक लहान भोक ठेवले. डबा एका तारेने सर्किटच्या शून्य बाजूला एकाच ठिकाणी जोडला आणि बाहेर येणारी तार जाळीच्या आवरणाची घेतली. एवढे करूनही पहिल्या दिवशी फारसा फरक पडला नाही. कारण साधे होते. डब्याला आतून लाख आणि बाहेरून रंग होता, त्यामुळे झाकण बसले तरी धातूला धातू लागतच नव्हता. मुलांनी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन कड चकचकीत होईपर्यंत घासली, झाकण पुन्हा दाबून बसविले, आणि रेषा बारीक झाली. ती बारीक होताना ज्यांनी पाहिली, त्यांना धातूचे कवच म्हणजे काय हे फळ्यावर शिकवावे लागणार नाही.

हे काही नवे शास्त्र नाही. 1836 साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांब, रुंद आणि उंच अशी एक खोली उभी केली. लाकडी सांगाडा, त्यावर तांब्याच्या तारा आणि धातूचा पातळ वर्ख. बाहेरून तिला विजेचा जबर दाब दिला आणि स्वतः मोजणीचे उपकरण घेऊन आत बसले. आत काहीही जाणवले नाही. बिस्किटांचा डबा हे त्याच खोलीचे धाकटे भावंड.

पण डब्यालाही मर्यादा आहेत. शेजारी मोठा ट्रान्सफॉर्मर ठेवला, तेव्हा गुणगुण परत आली. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र 50 च्या संथ गतीचे असते. त्या गतीला तांब्याच्या पत्र्याने अडविण्यासाठी तो जवळजवळ सेंटीमीटरभर जाड लागतो, उलट सेकंदाला दहा लाख वेळा बदलणाऱ्या लहरीला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून पातळ तांबेही पुरते. लोखंडी पत्रा चुंबकीय क्षेत्राला थोडाफार अडवितो, स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद जवळजवळ नाही. तिथे उपाय एकच: ट्रान्सफॉर्मर दोन हात लांब ठेवणे आणि जाणारी-येणारी तार एकमेकींना पीळ देऊन बांधणे. फुकटचा उपाय आहे, म्हणून कोणी सुचवीत नाही, असा आमचा संशय आहे.

फटीचे गणित मुलांना घरीही पाहता येईल. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून घंटी द्या. पुष्कळदा ती वाजते, कारण मोबाइलची लहर 15 ते 35 सेंटीमीटरच्या आसपास असते आणि झाकणाभोवतीची बारीक पण लांब फट तिला वाट देते. छोटी गोल भोके चालतात, लांब चीर चालत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. मधल्या भागात जाळीची भोके सुमारे 10 मिलिमीटरची, कडेला सुमारे 20 मिलिमीटरची. आकाशातून येणारी 21 सेंटीमीटरची लहर एवढ्या लहान भोकांतून निसटत नाही, वारा मात्र आरपार जातो. दुर्बिणी उभारतानाच गोंगाट कमी असलेली जागा शोधली होती. आजही तेथे गेलेल्यांना मोबाइल बंद ठेवावे लागतात. एवढे मोठे शास्त्रज्ञ जर आधी गोंगाट आवरतात, तर आपण आधी यंत्र का बदलावे?

आता तिसऱ्या पिनेकडे येतो. यंत्राचा धातूचा सांगाडा आणि तपासणीच्या तारेचा काळा चिमटा या दोघांनाही ही पिन जमिनीशी जोडते. ती काढली, तर कधीकधी गुणगुण खरोखरच कमी होते. पण मग तो चिमटा चुकून जिवंत तारेला लागला, की सगळा सांगाडा जिवंत होतो आणि त्यावर हात असतो तो एखाद्या मुलाचा. पेडणे-डिचोलीतल्या कित्येक घरांत मिक्सर आणि इस्त्री अशाच दोन पिनांवर चालतात, हे पालकांनीही पाहावे.

आपली खरी अडचण आम्हाला जमिनीत दिसते. आपली इमारत चिऱ्याच्या खडकावर उभी आहे. पावसाळ्यात अर्थिंगचा खड्डा ओला असतो, पण चैत्र-वैशाखात तो कोरडा पडतो आणि मग तिसरी पिन असून नसल्यासारखी होते. विश्वस्तांना आमची विनंती आहे, की नव्या यंत्राचे पैसे यंदा या खड्ड्यावर खर्च करावेत: मीठ-कोळसा नव्याने भरणे, उन्हाळ्यात पाणी घालायला नळी, प्रयोगशाळेच्या बोर्डवर गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून एप्रिलमध्ये मोजणी. एप्रिलमध्येच, जुलैत नव्हे. हे काम दिसत नाही, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे.

मुलांच्या डब्याचे पुढचे शिक्षण मात्र आमच्या शिक्षकांकडून व्हायचे नाही. पत्रा कापून काटकोनात वाकविणे, सांध्याला राळ लावून कथलाचा डाग देणे, तो सलग वाहिला की नाही हे नजरेने ओळखणे, या गोष्टी डिचोलीच्या कासारांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहेत. ज्यांच्या समया आपल्या देवघरांत आहेत, त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात आणि वडिलांचा धंदा विचारला तर खाली पाहतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. ते दिवस आम्ही यंदा सहलीत घालविणार नाही. कासार पालकांनी शाळेत यावे, पाहुणे म्हणून नव्हे, मानधन घेऊन शिक्षक म्हणून यावे. त्या मानधनाची तरतूदही बैठकीत मागणार आहोत.

तोवर प्रत्येक घरातून रिकामे पत्र्याचे डबे हवे आहेत. झाकणासह पाठवावेत, गंजलेले नकोत. अॅल्युमिनियमचे वेगळे बांधावेत, कारण त्यांना साधा डाग धरत नाही.