वावर एकराने, प्लॉट फुटाने



१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. कलेक्टर कचेरी आली, साहेब आले, बंगले आले आणि गावाला लागून असलेल्या काळ्या वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या. ते वावर आम्ही एकराच्या भावाने विकले. घेणाऱ्याने फुटाच्या भावाने विकले. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, हा हिशेब आम्हाला शाळेत कोणी घोकून घेतला नाही.

शहर कोणत्या अंगाने सरकते, हे आकाशातून दिसते. अमेरिकेचा लँडसॅट १९७२ पासून फिरतो आहे, आपला आयआरएस १९८८ मध्ये गेला. लँडसॅटची जुनी चित्रे २००८ पासून फुकट आहेत. त्यातला एक ठिपका ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल चित्रे देतो, त्याचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा! पंचवीस वर्षांची चित्रे ओळीने मांडली की कोणत्या रस्त्याने घरे वाढली ते पोरही बोट ठेवून सांगेल. धंदेवाला हे पाहून येतो. आम्ही त्याच्या गाडीचा रंग पाहत बसतो.

पण चित्रही फसवते, आणि फसवते ते कोरडवाहूवाल्यालाच. हिरवे पीक डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश जोरात परत फेकते, त्यावरून यंत्र पीक ओळखते. मे महिन्यात पऱ्हाटी उपटलेली, ज्वारीची धसकटे वेचलेली, नांगरून तापत पडलेली जमीन. यंत्राला तेथे हिरवे काहीच सापडत नाही. उघडी माती आणि बांधकाम यांत त्याची गल्लत होते, नाही तर ते 'पडीत' म्हणून मोकळे होते. ओलितवाल्याच्या वावरात त्याच दिवशी हिरवे असते. श्रावणात पाहावे तर वर ढग. म्हणून दसऱ्याच्या सुमाराची चित्रे घ्यावीत, दरवर्षी त्याच महिन्याची, दुष्काळी वर्ष बाजूला ठेवून. आणि शंका येईल तेथे माणसाने बांधावर जाऊन पाहावे. हे न करता कोणी हैदराबादेत वा नागपुरात बसून पडीत जमिनीचा नकाशा काढला, तर तो आम्हाला मान्य नाही.

समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. चढ-उताराच्या नाक्यांभोवती आता काय उगवते आहे, ते शेलूबाजारकडच्या भावांनी डोळ्यांनी पाहावे.

विकू नका, असे आम्ही म्हणत नाही. जमीन ज्याची त्याची, विकायची की नाही ते त्याने ठरवावे. कर्ज फेडायला, पोरीच्या लग्नाला विकणाऱ्याला उपदेश करणारे आम्ही कोण? पण सौद्याला बसताना समोरच्याला जे दिसते ते आम्हालाही दिसले पाहिजे.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत आम्ही आमच्या पिकाचे फोटो सरकारला देतो. रेंज नसली तर बांधावर हात वर करून उभे राहतो, पण देतो. मग सरकारनेही आपले फोटो आम्हाला द्यावेत. राज्याचे सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून नागपूरला आहे. नगरपालिकेची हद्द वाढवण्याआधी, विकास आराखडा काढण्याआधी, आजूबाजूच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत गट नंबर टाकलेली जुनी-नवी चित्रे लावा आणि चुकीचा ठिपका दुरुस्त करायला महिनाभराची मुदत द्या. जिल्हा बैठकीत हा ठराव येईल. येताना सातबारा सोबत आणा.